पॅसिफिकमध्ये प्लास्टिकचं बेट नाही

'पॅसिफिक महासागरात महाराष्ट्राच्या पाचपट मोठं प्लास्टिकचं बेट झालंय, ते अवकाशातून दिसतं, जहाजं पाठवली की साफ होईल.' हा मेसेज सतत फिरतो. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण या चित्रामुळे आपण भलतीकडेच बघत राहतो.

आधी बेट. क्षेत्रफळाचा आकडा बरोबर आहे. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधला हा पट्टा १६ लाख चौरस किलोमीटरचा असल्याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच अंदाजात तिथलं प्लास्टिक मात्र ७९ हजार टन आहे. भागाकार करून बघा: चौरस मीटरला सरासरी ५० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एक-दोन कपच्या. उपग्रह सोडाच, बोटीच्या कठड्यावरूनही बहुतेक वेळा निळं पाणीच दिसतं. वारा सुटला की तुकडे लाटांबरोबर खाली जातात. कचऱ्याची दाट चादर दिसते ती बंदरात, खाडीत.

म्हणूनच संशोधक मिलिमीटरच्या एक तृतीयांश आसाची, म्हणजे तेवढ्याच छिद्रांची जाळी पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढतात. तिच्या टोकाच्या पिशवीतला ऐवज चाळणीत धुतला की पांढरट-निळसर कपच्या दिसतात, दोरखंडाचे धागे दिसतात, आणि त्यांतच अडकलेले इवले कवचधारी जीव, माशांची अंडी. चिमट्याने एकेक वेगळं करावं लागतं.

आता सांगा, जहाजं हे कसं उपसणार? संख्येने ९४ टक्के तुकडे ५ मिलिमीटरहून लहान आहेत. मोठ्या आसातून ते निसटतात, बारीक आस वापरला तर ते जीवही मरतात. वजनाचा हिशेब वेगळा आहे: सूक्ष्म तुकडे फक्त ८ टक्के, तर मासेमारीची जाळी ४६ टक्के. ही टाकून दिलेली जाळी जरूर काढावीत. उन्हाने, लाटांनी त्यांचाच उद्या भुगा होणार आहे.

राहिला 'ते तिकडे लांब आहे' हा मेसेजमधला न लिहिलेला दिलासा. २०२१ च्या एका जागतिक अंदाजात समुद्रात सर्वाधिक प्लास्टिक सोडणाऱ्या नद्यांमध्ये आपली उल्हास अगदी वरच्या क्रमांकांत आहे. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिथे पिशवी अजून अख्खी असते, हाताने उचलता येते.