‘बिनडोक आहे, ब्लॉक कर’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र. छोटाच आहे, म्हणून जवळजवळ सगळा देतो: ‘कॉन्स्पिरसी थिअरीवर विश्वास ठेवणारा माणूस मुळात बिनडोक असतो. त्याला पुरावे दाखवू नका, पुराव्यांनी तो आणखी हट्टाला पेटतो. हे खूळ सोशल मीडियाने जन्माला घातलं. अशा माणसाशी मैत्री ठेवणं म्हणजे त्याच्या खोटेपणाला खतपाणी घालणं. एकदा ब्लॉक करा, डोकं शांत.’ (कॉन्स्पिरसी थिअरी म्हणजे मोठ्या घटनेमागे कुणाचा तरी छुपा कट आहे अशी समजूत.)

(पाठवणाऱ्या तिघांपैकी एकाचं ठाम मत आहे की मोबाइल आपलं बोलणं चोरून ऐकतो आणि त्यावरून जाहिराती दाखवतो. असो.)

माझा एक जुना मित्र आहे. त्याच्या मते माणूस चंद्रावर उतरलेलाच नाही, १९६९ साली जगाने जे पाहिलं ते स्टुडिओतलं चित्रीकरण. त्यामुळे हा मजकूर वाचताना मी काही त्रयस्थ नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पण मला मजकूर खटकतो तो मैत्रीपोटी नाही. त्यातली जवळपास सगळी विधानं तपासली की डगमगतात.

‘मुळात बिनडोक असतो’

माझा मित्र यंत्रांचा माणूस आहे. मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. आता हे एकट्याचं उदाहरण झालं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून मोठा आकडा घेऊ. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९६३ मध्ये, गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने लोकांना विचारलं, तेव्हा ५२ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की मारेकरी एकटा नव्हता. १९७६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं होतं. पाचांतले चार जण बिनडोक असलेला देश त्याच काळात चंद्रावर माणसं कशी पाठवत होता, हे मजकूरवाल्याने सांगावं.

शिक्षण वाढतं तसं अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांत दिसलंय. ते मी नाकारत नाही. पण कमी होणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. केनेडींचा मारेकरी ओसवाल्ड २४ वर्षांचा होता, बंदूक टपालाने मागवलेली. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस अशा कुणा सोम्यागोम्याच्या गोळीने जातो, हे मनाला पटतच नाही. एवढ्या मोठ्या घटनेमागे कारणही तेवढंच मोठं असलं पाहिजे, असा हट्ट तुमचंआमचं डोकंही धरतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र मांडलं. त्यात माणसाच्या तीन गरजा पुढे येतात: काय घडलं ते कळावं, आपण अगदीच हतबल नाही असं वाटावं, आणि आपण व आपली माणसं भल्या बाजूची आहोत हा विश्वास टिकावा. यातली कुठली गरज फक्त मूर्खांना असते?

शिवाय एक अवघड गोष्ट मजकूरवाल्याने सोयीस्करपणे वगळली. कट खरेही असतात. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगी इथे १९३२ पासून तब्बल ४० वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘अभ्यास’ केला. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा या रोगावरचा प्रस्थापित उपचार झाला होता, तरी त्यांना तो दिला नाही. त्यांना सांगितलं जात होतं की तुमचं ‘रक्त खराब’ आहे. १९७२ पूर्वी कुणी म्हणालं असतं की सरकारी डॉक्टर माणसं मरू देतायत आणि वहीत नोंदी करतायत, तर त्यालाही कुणीतरी ब्लॉकच केलं असतं.

याहून तिरपांगडा प्रकार एड्सचा. ‘हा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला’ ही गोष्ट १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या वृत्तपत्रात निनावी पत्र म्हणून छापून आली. ते पेरलं होतं सोव्हिएत गुप्तहेर खात्याने. म्हणजे कटाची कथा खोटी, आणि ती पसरवण्याचा कट खरा! अशा जगात संशय येणं हा बुद्धीचा दोष नाही. गफलत होते ती संशय कुठे थांबवायचा इथे. टस्कीगी उघड झालं कारण पीटर बक्स्टन नावाच्या, त्याच खात्यात काम केलेल्या माणसाने कागद पत्रकाराच्या हाती दिले. खरे कट असे फुटतात, आतल्या माणसांमुळे. डेव्हिड ग्राइम्स या शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये याचं गणित मांडलं: चांद्रमोहीम बनावट असती तर सुमारे ४ लाख ११ हजार लोकांना तोंड बंद ठेवावं लागलं असतं, आणि गुपित चार वर्षंही टिकलं नसतं.

हे गणित मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ‘टस्कीगी चाळीस वर्षं टिकलं ना?’ बिनडोक माणसाला हे सुचत नाही. (टस्कीगीची माहिती असलेले लोक लाखांत नव्हते आणि अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापूनही येत होते, हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं.)

‘पुराव्यांनी आणखी हट्टाला पेटतो’

या दाव्याला एक खरा उगम आहे. २०१० मध्ये नायहन आणि रायफ्लर या दोन संशोधकांना एका प्रयोगात दिसलं की इराककडे महासंहारक शस्त्रं होती ही चूक दुरुस्त करणारा मजकूर वाचल्यावर काही जणांचा चुकीचा समज उलट वाढला. निष्कर्ष इतका चटपटीत होता की तो जगभर पसरला. पुढे वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ विषय तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. नायहन यांनीही नंतर लिहिलं की चुकीचे समज टिकून राहण्याचं कारण हे नव्हे. मूळ दावा मात्र अजून फिरतोच आहे. पुराव्याने कोण बदलत नाही, हा प्रश्न इथे मजकूरवाल्यालाच विचारता येईल.

२०२४ चा एक प्रयोग तर मला फारच बोलका वाटतो. कटाच्या कुठल्या ना कुठल्या थिअरीवर विश्वास असलेल्या २,१९० लोकांनी आपापली थिअरी आणि ती का पटते ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं. मग एका एआय प्रोग्रॅमने त्यांनी दिलेल्या नेमक्या कारणांना उत्तरं दिली. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही तो उतरलेलाच होता. यंत्राला न चिडण्याचं वरदान आहे हे खरंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते ‘नेमक्या कारणांना’ हे शब्द. आपण काय करतो? त्याने सावलीबद्दल विचारलं की आपण रॉकेटबद्दल सांगतो.

माझ्या मित्राचं मुख्य कारण सावल्याच होत्या. चंद्रावरच्या फोटोत दोन वस्तूंच्या सावल्या समांतर पडत नाहीत, म्हणजे प्रकाश सूर्याचा नाही, स्टुडिओतले दोन दिवे आहेत. मी वर्षभर त्याला लिंका पाठवल्या. त्याने एकही उघडली नाही, आणि त्याने पाठवलेली एकही मी उघडली नाही. शेवटी एका रविवारी आम्ही गच्चीवर सुरकुतलेली चादर पसरली, दोन मातीच्या गोळ्यांत दोन पेन्सिली उभ्या केल्या. एक सुरकुतीच्या चढावर, एक उतारावर. सूर्य एकच होता, आणि सावल्या चक्क दोन दिशांना गेल्या. तो वाकून बघत राहिला. पेन्सिल हलवली, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, ‘बरं, सावल्यांचं सोड. झेंडा कसा फडकतो?’

मी चिडलो होतो, लपवत नाही. पण दोन दिवसांनी लक्षात आलं की त्यानंतर त्याने सावल्यांचा विषय काढलेला नाही. आजतागायत नाही. पुराव्याने माणूस बदलतो तो असाच. हार कबूल करत नाही, गुपचूप एक खुर्ची मागे सरकवतो. (झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. काठी रोवताना कापड हललं आणि हवा नसल्यामुळे त्याचं हलणं लवकर थांबलं नाही.)

‘सोशल मीडियाने जन्माला घातलं’

यावर फार लिहीत नाही. ‘प्रोटोकॉल्स’ नावाचं, ज्यू जगावर ताबा मिळवायचा कट करतायत असं सांगणारं बनावट दस्तऐवज रशियात १९०३ मध्ये छापलं गेलं. ते चोरलेल्या मजकुरावरून रचलंय हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये ओळींना ओळी लावून दाखवलं, तरी त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १८९० ते २०१० या काळात वृत्तपत्रांना आलेली वाचकांची एक लाखाहून जास्त पत्रं चाळली, तर कटाच्या आरोपांचं प्रमाण सतत वाढत गेलेलं दिसलं नाही. सोशल मीडियाने वेग दिला, सोबती मिळवून दिले. हे खूळ मात्र त्याच्याआधीचं.

‘मैत्री म्हणजे खतपाणी’

इथे मजकूरवाल्याचा राग मला समजतो. सगळ्याच थिअऱ्या चंद्राइतक्या निरुपद्रवी नसतात. डिसेंबर २०१६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झेरियात एक माणूस रायफल घेऊन शिरला, तळघरात कोंडलेल्या मुलांना सोडवायला. गोळ्या झाडल्या. तिथे तळघरच नव्हतं. अमेरिकेतल्याच सँडी हूकच्या शाळेत २०१२ मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, आणि त्या मुलांच्या आईवडिलांना ‘तुम्ही नट आहात, मुलं नव्हतीच’ म्हणून वर्षानुवर्षं छळलं गेलं. त्या आईबापांनी अशा कुणाशी मैत्री ठेवावी असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? ज्याच्या जातीधर्मावर, घरावर थिअरीचं बोट आहे त्याच्यावर मैत्रीचं कसलंच ओझं नाही. मित्राने उद्या चंद्र सोडून एखाद्या समाजावर बोट रोखलं, तर मी तिथल्या तिथे थांबवेन, आणि तरी तो थांबला नाही तर उठून जाईन.

पण ‘ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं’ हे मला पटत नाही. मी त्याच्या फॉरवर्डला हसरा चेहरा टाकत नाही. ग्रुपवर त्याच्याशी वाद घालत नाही, कारण चारचौघांत प्रश्न चंद्राचा राहत नाही, नाकाचा होतो. दोघंच असलो की बोलतो, एका वेळी एकाच मुद्द्यावर.

आणि एकदा मला माघार घ्यावी लागली. तो म्हणाला होता, ‘चंद्रावरून आलेल्या चित्रणाच्या मूळ टेप नासाने पुसून टाकल्या.’ मी मोठ्याने हसलो होतो. रात्री शोधलं, तर नासाने २००९ मध्ये जाहीरच केलेलं: १९६९ च्या त्या अपोलो ११ मोहिमेच्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टीव्हीवरच्या प्रक्षेपणाच्या प्रती शिल्लक आहेत, सगळ्या अपोलो मोहिमांनी मिळून चंद्रावरून आणलेली ३८२ किलो दगडमाती आहे, सगळं खरं. पण टेपबद्दल तो बरोबर होता. मी फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो चंद्राबद्दल बोललाच नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलला. हॉस्पिटलच्या फाइलमधून दोन पानं कशी नाहीशी झाली, विचारलं तेव्हा ‘अशी पानं नव्हतीच’ असं कसं सांगितलं, आणि त्या पानांचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये कसा अजून आहे. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. चंद्राचं वेड त्याच वर्षी सुरू झालं, हा हिशोब मी मनातल्या मनात केला. त्याला बोलून दाखवला नाही.

ब्लॉक केलं असतं तर हे मला कळलं नसतं. आणि त्याच्याशी बोलणारे उरले असते ते फक्त त्याचं सगळंच खरं मानणारे.

परवा त्याला चांद्रयान २ ने टिपलेला अपोलो ११ च्या जागेचा फोटो पाठवला. नासाचा नाही, इस्रोचा, असं मुद्दाम लिहिलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं: ‘झूम केलं की फुटतो.’ त्याखाली लगेच दुसरा मेसेज: ‘मोठ्या साइझमध्ये कुठे मिळेल?’