नऊशे पानांच्या कादंबरीचा पिच्चर काढून राहिले का भाऊ?

तर भाऊ, तुम्ही ठरवलंच. ज्यात ड्रॅगन आहे, चार राज्यं आहेत, नकाशा आहे न् मागे वंशावळ पण आहे, त्या बाडाचा पिच्चर काढायचा. काढा ना, धान कापून झालं, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव वडसा जवळ आहे, नट तिथं मिळून जातील.

फक्त पुस्तक वाचू नका. वाचलं की आवडते, आवडलं की कापवत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा धंद्यातला हिशोब आहे, म्हणजे नऊशेचे झाले पंधरा तास, न् कादंबरीचं पान तर त्याहून दाट.

एवढा वेळ पब्लिक बसत नाही, असं मुंबईचा प्रोड्युसर म्हणेल. हाव म्हणा. चुकूनही त्याले मंडईच्या, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेच्या, रात्री इकडे आणू नका, कारण दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट झाला की रात्री नाटक उभं राहते ते पहाटेपर्यंत चालते, मधात लावणी, कॉमेडी सगळं, न् पुढच्या रांगेतली म्हातारी कानाला स्कार्फ बांधून शेवटच्या अंकापर्यंत जागी, व्हिलन आला की मुडदा बशिवला म्हणून ओरडते. हे पाहिलं तर बिचाऱ्याले कापायचं दुसरं कारण शोधावं लागेल.

कापताना सोपं धोरण ठेवा. जिथं लोक नुसते चालतात, जेवतात, गाणी म्हणतात ते पहिले उडवा. पीटर जॅक्सनने 2001 ते 2003 मध्ये टोलकिनच्या अंगठीवाल्या कादंबरीचे, लॉर्ड ऑफ द रिंग्जचे, तीन पिच्चर काढले, त्यात टॉम बॉम्बाडिल गायब. जंगलात गाणी म्हणत फिरणारा बावा, अंगठीचा त्याच्यावर काही असर होत नाही, आता असा माणूस स्टोरीत कशाले पाहिजे? शेवटी पोट्टे लढाई जिंकून घरी येतात तर गावच गुंडांनी बळकावलेलं, झाडं तोडलेली, ते पण गायब. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात आपल्याले सगळ्यात जास्त समजणारा भाग तोच, तुम्ही तिकडे जग वाचवून या न् इकडे धुऱ्यावरचं झाड कोणी पाडून नेलेलं. पण त्यात लढाईतल्यासारखे हत्ती नाहीत ना! तिसऱ्या भागाले 11 ऑस्कर भेटले, मग आपण काय बोलायचं.

हत्तीवरून आठवलं, तो खर्च तुमचा वाचला. 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं गडचिरोलीत रानटी कळप आला, धान तुडवायचा सीन रिहर्सलशिवाय देतात. तारखा तेवढ्या देत नाहीत.

कापून जागा झाली की तिथं नवीन भरा. जॅक्सनने हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फांची फौज घातली, पुस्तकात ती नाही, न् परिशिष्टातली लव्हस्टोरी उचलून पार पुढं आणली. न् पुस्तकच छोटं निघालं तर घाबरू नका, 1937 चं हॉबिट हे लेकरांचं एकच पुस्तक, त्याचेही तीन पिच्चर झाले.

लेखक शक्यतो मेलेला घ्या. टोलकिन जिवंत असताना एकाने पिच्चरचा आराखडा पाठवला होता, तर 1958 मध्ये त्यांनी त्याची लांबलचक चिरफाड करून पाठवली. जिथं तिथं गरुड काहून घुसवले, ही पण तक्रार. बरोबर होती, पण अशा माणसासोबत शूटिंग होते का?

राहिलं पोस्टर. त्यावर भाग पहिला असं लिहायचंच नाही, अर्ध्या स्टोरीचं पूर्ण तिकीट कोण काढेल. 1978 मध्ये त्याच अंगठीवाल्या कादंबरीचा राल्फ बाक्शीचा कार्टून पिच्चर असाच आला, ऐन मधात संपला, न् त्याचा दुसरा भाग काही आला नाही. तुम्हीही बिनधास्त करा, फक्त शो गावात असला तर पडदा पडायच्या आधी गाडी चालू करून ठेवा न् तोंड मेन रोडकडे.