कार्मेनच्या शेवटावरून भांडण्याआधी

मराठी माणूस कथेवरचा सिनेमा बघून आला की पहिला प्रश्न ठरलेला: शेवट तोच ठेवलाय का? अमोल पालेकरांच्या ‘पहेली’ला (२००५) नावं ठेवतात ती यावरूनच. विजयदान देथांच्या त्याच कथेवर मणि कौल यांनी केलेल्या ‘दुविधा’त (१९७३) नवऱ्याचं रूप घेऊन नायिकेबरोबर राहिलेलं भूत कातडी पिशवीत कोंडलं जातं आणि नायिका नवऱ्याच्याच घरात राहते. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या अंगात शिरतं आणि नायिका लच्छीचा संसार सुखाचा होतो.

इकडे युरोपात हेच भांडण ‘कार्मेन’ या ऑपेरावरून, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकावरून होतं. जानेवारी २०१८ मध्ये फ्लॉरेन्सला दिग्दर्शक लेओ मुस्कातो यांनी ऑपेराचा शेवट फिरवला: तिच्या प्रेमात पडलेल्या होसे या शिपायाच्या हातून मरण्याऐवजी कार्मेनच त्याचं पिस्तूल हिसकावून त्याला गोळी घालते. बाईच्या खुनावर टाळ्या पडू नयेत, हा हेतू. पहिल्याच प्रयोगाला पिस्तूल उडालं नाही, आणि मग व्हायची ती हुर्यो झाली.

हेतू चांगला असला तरी इलाज चुकीच्या जागी आहे. प्रॉस्पेर मेरिमेच्या १८४५ च्या मूळ कथेत होसे कार्मेनआधी दोघांना मारतो: स्वतःच्याच पलटणीतल्या अधिकाऱ्याला आणि तिच्या नवऱ्याला, एका डोळ्याच्या गार्सियाला. बिझेच्या ऑपेरात (१८७५) नवरा नाहीच, अधिकारी जिवंत सुटतो, आणि आईचं पत्र घेऊन येणारी मिकाएला ही गरीब गाय नव्याने घातलेली. उरतो तो बाईच्या नादाने वाया गेलेला साधा शिपाई.

होसेच्या तापट डोक्याची एक खूण ऑपेरात शिल्लक होती. पहिल्या अंकातल्या गद्य संवादात तो सांगतो, की पेलोटा या चेंडूच्या खेळावरून भांडण झालं आणि मुलूख सोडावा लागला. बिझे त्याच वर्षी वारला. नंतर संगीतकार एर्नेस्त गिरो यांनी गद्य काढून तिथे गाऊन म्हणायचे संवाद घातले, त्यात हेही गेलं. त्यामुळे तिकीट काढण्याआधी बघायचं ते एवढंच, की प्रयोग गद्याचा आहे की गिरोंच्या आवृत्तीचा.

ऑपेराने कार्मेनला दिलंही बरंच. कथेत तिचं बहुतेक बोलणं आपल्यापर्यंत पोचतं ते खुन्याच्या तोंडून. ऑपेरात ‘हाबानेरा’ हे गाणं ती स्वतः गाते.

नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९८१ मध्ये पॅरिसला केलेलं सुमारे ऐंशी मिनिटांचं रूपांतर मला म्हणूनच सर्वांत धीट वाटतं. तिचं मरण त्यांनी ठेवलं, पण गार्सियाला परत आणलं आणि ते दोन्ही खून होसेच्या खात्यावर पुन्हा मांडले.

इथे असले प्रयोग खपतात, कारण हक्क केव्हाच संपलेत आणि एक कार्मेन नाही आवडली तर दुसरी लागतेच. २००५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी कार्मेन तर दक्षिण आफ्रिकेतली, खोसा भाषेत गाणारी होती. आपल्याकडे एका कथेला बहुधा एकच रूपांतर लाभतं, म्हणून त्यातला प्रत्येक बदल कायमचा वाटतो. देथा २०१३ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची भारतातली साठ वर्षांची कॉपीराइटची मुदत धरली तर २०७३ संपेपर्यंत परवानगीशिवाय कुणी तिसरी ‘दुविधा’ करू शकणार नाही.

‘पहेली’कडेही मी असंच बघतो. भूत आधी खरं सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं, हा कथेचा कणा पालेकरांनी जपलाय. माझी तक्रार निराळी आहे: ज्याच्या अंगात भूत शिरलं तो नवरा गेला कुठे, हे लच्छीसुद्धा विचारत नाही.