ऊस काही माशीची वाट बघत नाही

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मधमाशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, असं आईन्स्टाईन म्हणाले. जगाचं सगळं अन्न तीच पिकवते. तिची कमाई वर्षाला 577 अब्ज डॉलर. म्हणून फवारणी संध्याकाळीच करा.’ हेतू चांगला, पण भेसळ फार.

आईन्स्टाईनचं आधी उरकतो. त्यांच्या लिखाणात हे वाक्य कुठेच सापडत नाही.

‘सगळं अन्न’ म्हणता, तर आपलंच शिवार बघा. भात स्वतःच्याच परागावर धरतं, मका वाऱ्यावर. ऊस कांडीनं लावतो, रताळी वेलानं, बटाटा डोळ्यानं. माशी नसली तरी बेळगाव-खानापुरात पंगतीला भात वाढला जाईलच. जगातल्या 115 मुख्य पिकांपैकी 87 पिकांना किडे-पाखरांचा कमी-अधिक फायदा होतो, पण वजनानं बघितलं तर थेट त्यांच्यामुळं येणारं उत्पादन 5 ते 8 टक्केच भरतं.

मात्र तेवढ्यातच आपलं माळवं आणि काजू येतो, म्हणजे हातात खेळणारा पैसा. काकडीच्या मादी फुलामागं इवलीशी केसाळ काकडी असते. पराग कमी पडला की जिथं बी धरत नाही तिथला गर फुगत नाही. काकडी एका बाजूनं बारीक, कोयत्यासारखी वाकडी होते. मार्केटात व्यापारी ट्रे ओततो आणि ती पायानंच बाजूला सारतो. (पॉलीहाऊसमधली बिनबियांची काकडी वेगळी, तिला माशी लागतच नाही.)

577 चा आकडा हवेतला नाही. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या 2016 च्या अहवालात 235 ते 577 अब्ज डॉलर असं आहे. मेसेजवाल्यानं वरचं टोक तेवढं उचललं. शिवाय ती कमाई नव्हे, परागीभवन थांबलं तर धोक्यात येणाऱ्या उत्पादनाची किंमत. आणि ती एकट्या मधमाशीची नाही. भुंगे, पतंग, वटवाघळंसुद्धा त्यात आली. वांग्याच्या फुलातला पराग टोकाच्या बारीक भोकातून निघतो. भुंगा फुलाला लटकून घुमतो तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे जमत नाही.

राहिली संध्याकाळची फवारणी. काकडी आणि लाल भोपळ्याला हे बरोबर, त्यांची फुलं सकाळची, संध्याकाळी त्यांवर माशी नसते. दोडका मात्र दिवस कलला की फुलतो. गेल्या पावसाळ्यात हाच सल्ला मानून मी साडेपाचला पंप पाठीवर घेतला, तर कडेचा मांडव पिवळाजर्द झालेला.