पोच घेतली का?

नमस्कार ऐरोलीकर,

एआय कंपन्यांच्या लॉबिंगवर (म्हणजे सरकार आणि कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूला वळवण्याच्या खटपटीवर) मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाशी लोकलमध्ये वाचली. उत्तराची जुळवाजुळव सुरू केली तोवर तुमचं ऐरोली मागे पडलं होतं. तुम्ही लिहिलंय की मी मेटाचा (फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवाली कंपनी) लॉबिंगवरचा सगळा खर्च एआयच्या नावावर खपवला, लॉबिंग हा काही गुन्हा नाही (सोसायटीवाले पाण्यासाठी नगरसेवकाकडे जातात ते तरी काय?), आणि अमेरिकेतल्या उचापतींची चिंता ठाण्यात बसून कशाला? शिवाय जाता जाता, ‘एवढा राग असेल तर व्हॉट्सअ‍ॅप सोडा’.

खर्चाबद्दल तुमचं बरोबर आहे, चूक माझी. २०२४ साली मेटाने अमेरिकेत दाखवलेले २.४ कोटींहून जास्त डॉलर हा सगळ्या विषयांचा मिळून आकडा आहे. तिथल्या १९९५च्या कायद्याखाली दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. विषय कोणते, लॉबिस्ट कोण, कोणत्या सभागृहाकडे किंवा खात्याकडे गेले, हे त्यात असतं. विषयवार फोड मात्र नसते, आणि नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याला भेटले तेही लिहावं लागत नाही. लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय.

सोसायटीचं उदाहरण देऊन मात्र तुम्ही माझंच काम सोपं केलंत. आम्ही घोडबंदर रोडवाले, म्हणजे टँकर पाचवीला पुजलेला. आमचे सेक्रेटरी काका पाण्याचं पत्र घेऊन जातात तेव्हा दोन प्रती नेतात. एक आत जाते, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच हातात पडल्याशिवाय काका जिना उतरत नाहीत. (नगरसेवकांशी चहावर जे बोलणं होतं त्याची पोच नसते, हेही कबूल.) कंपन्यांनी मंत्रालयात जाऊच नये असं मी कुठे म्हटलं? जा, पण आवक क्रमांक लागू दे.

आपल्याकडे तोच लागत नाही. लॉबिंगची नोंद ठेवायला लावणारा कायदा भारतात नाही. डिसेंबर २०१२मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी बसली. तो कागद आला कुठून? अमेरिकन सिनेटकडे भरलेल्या विवरणातून. भारतातल्या गुंतवणुकीचा विषय कंपनीने तिकडे लिहिला, म्हणून इकडे कळलं. आपल्या बाजारासाठी झालेल्या लॉबिंगची पोच साता समुद्रापार मिळत असेल, तर मी तिकडचे कागद का वाचू नयेत?

नोव्हेंबर २०२२मध्ये डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा आला तेव्हा केंद्राच्या आयटी मंत्रालयाने सूचना मागवताना आधीच सांगून टाकलं, की आलेल्या सूचना जाहीर होणार नाहीत. लोकांना मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून. सेक्रेटरी काकांचा मोकळेपणा शिक्क्याने कधी कमी झालेला मी पाहिला नाही. उलट ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, सगळ्यांच्या सूचना संकेतस्थळावर टाकते.

त्या ट्रायचाच अनुभव आठवा. २०१५च्या शेवटी फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ (निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणारी त्यांची योजना) वाचवण्यासाठी आपल्याच वापरकर्त्यांकडून ट्रायला छापील साच्याचे ईमेल पाठवून घेतले. ट्रायने सूचना सर्वांसमोर ठेवून विचार केला आणि ८ फेब्रुवारी २०१६ला संकेतस्थळ बघून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. सिमेंट कंपनीही मंत्र्यांना भेटते, पण गावाची चावडी तिच्या मालकीची नसते. मेटाचं एआय आज व्हॉट्सअ‍ॅपमध्येच बसलंय, आणि मार्च २०२५मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्सएआय या एआय कंपनीने एक्स (पूर्वीचं ट्विटर) आपल्यात घेतलं. एआयचा कायदा कसा असावा यावर आपण जिथे भांडणार, ती जागाच यांची. म्हणून यांची पोच मला इतरांपेक्षा जास्त कडक हवी.

आणि व्हॉट्सअ‍ॅप सोडण्याचं म्हणाल तर सोडलंही असतं. पण टँकर किती वाजता येणार ते सोसायटीच्या ग्रुपवरच कळतं.