‘घरचा सर्व्हर ही नुसती हौस’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

घरच्या सर्व्हरवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं अर्धं पटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोड ठेवायला मायक्रोसॉफ्टचं गिटहब हे संकेतस्थळ फुकट मिळत असताना नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर फोर्जेयो (तेच काम करणारं, स्वतः चालवायचं सॉफ्टवेअर) चालवणं ही रिकामटेकडी हौस, लाइट गेली की सगळं ठप्प, आणि असलं लिहून मी नव्या पोरांना भलत्या नादी लावतोय. वर स्वतः मायक्रोसॉफ्टचाच व्हीएस कोड हा एडिटर वापरतो नि स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो.

शेवटचं आधी घेतो. हो, वापरतो. उद्या तो बंद पडला तर फाइली माझ्याच डिस्कवर असतील. व्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये उघडीन, चार दिवस चिडचिड करीन, विषय संपला. सोडताना काही मागे राहत नसेल तर साधन कोणाचं का असेना.

लाइटचं म्हणाल तर लॅपटॉप सरासरी १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आसपास. आमचा २०० वॅटचा कुलर मे महिन्यात रोज रात्री आठ तास चालतो, तो तेवढं आठवड्याभरात पितो. लाइट गेलीच तर लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटरला छोटा यूपीएस लावलाय. तुम्ही खरं तर उन्हाळ्यावर बोट ठेवायला हवं होतं. पारा ४५च्या पुढे, लॅपटॉप माळ्यावर, चार्जर चोवीस तास लावलेला. बॅटरी फुगली. टचपॅड वर उचललेला दिसला तेव्हा कळलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. मग कुलरच्या झोतात ठेवून पाहिला, तर ओलसर हवेनं महिन्याभरात पोर्टांवर गंज चढला. आता नवी बॅटरी, चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवलेलं, आणि मुक्काम खालच्या खोलीत. यातलं मूळ लेखात काहीच नव्हतं. ती चूक माझी.

दुसरी चूक मोठी आहे. ‘गिटहब बंद झालं तर तुमचा कोड जाईल’ असं मी लिहिलं होतं. साफ चूक. २००५ साली कोडमधले बदल नोंदवणाऱ्या बिटकीपरचा फुकट वापर बंद झाला तेव्हा लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहिलं (गिटहब त्यावरच चालतं), आणि त्यात प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, सगळा इतिहास असतो. कोड तुमच्याकडे आहेच. जातं ते त्याच्या भोवतालचं: इश्यू (तक्रारी नि त्यावरची चर्चा), पुल रिक्वेस्टवरची, म्हणजे सुचवलेल्या बदलांवरची भांडणं, ॲक्शन्सच्या आपोआप चालणाऱ्या पाइपलाइनी. माझ्या एका बिलिंगच्या प्रोजेक्टमध्ये जीएसटीचे पैसे एका विचित्र ठिकाणी राउंड केलेत. का, ते कोडमध्ये कुठेच नाही. क्लायंटशी झालेल्या एकवीस कॉमेंटांच्या इश्यूत आहे. तो इश्यू गेला की पुढचा माणूस ती ओळ ‘दुरुस्त’ करणार, हे ठरलेलं.

आणि बंद पडायला अख्खी कंपनीच बुडावी लागते असं नाही. २०१९मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबने इराणमधल्या प्रोग्रामरांची खाती आवळली. आपल्याकडे जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकील होते. माझ्याकडे एक मेव्हणा आहे, तोही दिवाणी दाव्यांतला.

अर्थात घरी चालवलं म्हणून सुटका नाही. आधी मी गिटी हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर चालवायचो; २०२२मध्ये त्याचं नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेलं म्हणून काही मंडळींनी त्यातून फोर्जेयो वेगळं काढलं, आणि माझ्यासारख्यांना घर बदलावं लागलं. पण डेटाबेस माझ्या हातात होता, म्हणून ते अर्ध्या तासात झालं.

खरा प्रश्न बॅकअपचा आहे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या गिटहबसारख्याच कंपनीच्या माणसाने चुकून चालू डेटाबेस पुसला, तेव्हा एकामागून एक बॅकअप निकामी निघाले आणि सहा तासांचा डेटा गेला. एवढी मोठी कंपनी! माझं तर त्याहून हसू येण्यासारखं. दुसरी प्रत घराबाहेर हवी म्हणून मी डिस्क मित्राकडे ठेवली होती. कुठे, तर अंबाझरीच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर, टीव्हीखालच्या कपाटात. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे तलाव ओसंडला. त्याचा फ्रीज, सोफा, पोरीची पुस्तकं, सगळं चिखलात. तीन दिवस त्याच्याकडे गाळ उपसला, पण डिस्कचं विचारायची लाज वाटली. शेवटी त्यानंच ती पिशवीत आणून दिली, पाणी निथळत होतं.

आता प्रत रोज रात्री वायरगार्डच्या सुरक्षित जोडणीवरून वर्ध्याला भावाकडे जाते, पहिल्या मजल्यावर. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर सगळं नव्याने उभं करून बघतो. पहिल्याच वेळी कळलं की स्क्रिप्टमध्ये अटॅचमेंटचं फोल्डरच नव्हतं. सहा महिने मी निवांत झोपत होतो बघा!

नोकरी शोधणाऱ्या पोरांनी कोड गिटहबवरच ठेवावा, तिथे तो दिसतो. फोर्जेयोतून तिकडे आपोआप मिरर करता येतो, म्हणजे तीच प्रत तिकडेही ठेवता येते, मीही करतो. ईमेल मात्र घरी चालवू नका. मी चालवून पाहिलं, पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडत राहिली.

वेळेचा हिशेब तुम्ही मागितलात. वर्षाला तीसेक तास जातात. माझ्या दराने बिल लावलं तर सरळ तोटा आहे, तिथे वाद घालत नाही. ‘कोड जाईल’ हे वाक्य आज लेखातून काढलं, आणि त्या जागी फुगलेल्या बॅटरीचा फोटो टाकलाय.