बरो आसा

फोंड्यात आषाढ लागला की माणसांच्या आधी कपाटं आजारी पडतात. आमच्याकडे त्यावर पिढीजात उपाय आहे: कपाटात ६० वॉटचा बल्ब पेटवून ठेवायचा. मी नुकताच मायक्रोपायथन (छोट्या चिपवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) शिकू लागलेला, तेव्हा त्या बल्बला अक्कल शिकवायची हुक्की आली. एक पिको बोर्ड (चिमुकला कॉम्प्युटर), दमटपणा मोजणारा डीएचटी-२२ सेन्सर, एक रिले (बोर्डाच्या हुकमाने बल्ब चालू-बंद करणारा स्विच). ७० टक्क्यांच्या वर गेलं की बल्ब चालू, खाली आलं की बंद.

पहिल्याच रात्री प्रोग्राम मेला. बल्ब मात्र पेटलेलाच, कारण प्रोग्राम गेला तरी बोर्डाची रिलेला जोडलेली पिन शेवटचा हुकूम धरून बसते. सकाळी कपाट उघडलं तर आत इस्त्रीवाल्याच्या दुकानासारखी धग. लॅपटॉप जोडल्यावर कारण दिसलं: एरर ११०, टाइमआउट. सेन्सरने एकदा, फक्त एकदा, उत्तर दिलं नव्हतं!

मी चिडून सगळा कोड ‘ट्राय’मध्ये कोंबला आणि खाली लिहिलं, ‘एक्सेप्ट: पास’. म्हणजे करून बघ, आणि काहीही चुकलं तरी गप्प पुढे चल. आमच्या वाड्यावरची रीतच ही. पाय प्लास्टरात असो की घरात पाणी शिरलेलं असो, "कसो आसा?" विचारा, उत्तर एकच: "बरो आसा."

तीन दिवस स्क्रीनवर ५८ टक्के. बाहेर धो धो, आत ५८. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंसुद्धा. चौथ्या दिवशी बाबांच्या लग्नातल्या कोटावर हिरवी मखमल उगवली. आईने साडी ओढताना सेन्सरची वायर निघाली होती, आणि प्रोग्राम दर दोन सेकंदांनी "बरो आसा" म्हणत जुनाच आकडा मिरवत होता.

थांबवायला गेलो तर थांबेना. प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल-सी हेही त्याच्या लेखी एक एक्सेप्शनच, म्हणजे चुकीसारखाच एक अडथळा. कुणाचं नाव न घेता लिहिलेला ‘एक्सेप्ट’ तेही गिळून टाकतो. शेवटी बोर्डावरचं बूटसेलचं बटण दाबून धरत केबल लावली आणि फ्लॅश, म्हणजे कोड साठवलेली मेमरीच, पुसून टाकली. कोडची दुसरी प्रत? विचारू नका.

आता ‘ट्राय’मध्ये फक्त मोजण्याची एक ओळ, आणि खाली नाव घेऊन ‘एक्सेप्ट ओएसएरर’, म्हणजे टाइमआउटसारख्या चुकाच तेवढ्या पकडायच्या. एखाद्या वेळी चुकलं तर माफ. सलग पाच वेळा चुकलं तर बल्ब बंद (बुरशी परवडली, आग नको) आणि कपाटाबाहेर लाल दिव्याची उघडझाप.

काल कोटाला पुन्हा तोच वास. दिवा लागला नव्हता की काय? लागला होता. त्यावर फडकं टाकलेलं होतं.

"दोळ्यांत येता रे तो," आई म्हणाली.